ऊन, सावली आणि चेहरा

माझ्या लहानपणी लालबागच्या आमच्या चाळीत साठ बिऱ्हाडांत मिळून एकच कॅमेरा होता. तो गणपतीत नाही तर कुणाच्या साखरपुड्याला बाहेर निघायचा. ज्यांच्या मालकीचा तो होता ते गृहस्थ एकेक फोटो असा हात राखून काढायचे, की जणू रेशनचे रॉकेलच मापून देताहेत! आता ती टंचाई राहिलेली नाही. खेड्यात काय आणि मुंबईत काय, बहुतेक घरांत मोबाइल आला आहे आणि त्यात शेकड्यांनी फोटो साठले आहेत. पण घरातले एखादे वडीलधारे माणूस जाते, दहाव्या-बाराव्याला मांडायला तसबीर हवी होते, आणि मग त्या शेकडो फोटोंतून एकही धड सापडत नाही. एकात डोळे मिटलेले, एकात तोंडावर सावली, एकात मागच्या खांबाचे जणू शिंग डोक्यावर उगवलेले. शेवटी कुठल्या तरी ओळखपत्रावरचा चेहरा मोठा करून घेतात आणि त्याला हार घालतात.

हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या घरी हेच झाले, आणि त्यात चूक माझी होती.

माझे वडील परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी दुपट्यात होतो. पुढे वडिलांची गिरणी सुटली ती सुटलीच. फोटो काढून घेण्याची हौस करावी असे दिवस काही त्यांना आले नाहीत. कॉलेजात असताना मी शिकवण्या करून एक जुना कॅमेरा घेतला आणि मे महिन्यात कोकणात गावी गेल्यावर ३६ चित्रांच्या रोळातले एक चित्र वडिलांसाठी राखून ठेवले. सकाळी अकराच्या सुमारास त्यांना घरापुढच्या खळ्यात उभे केले. ‘ऊन फोटोवाल्याच्या पाठीशी हवे’ असे मला कुणीतरी सांगितले होते. ते मी वेदवाक्य मानले. वडील बिचारे नवा सदरा घालून उन्हाकडे तोंड करून ताठ उभे राहिले. मी कळ दाबली. रोळ धुऊन आला तेव्हा पाहतो तो काय, सदरा पांढराफेक, कपाळ चकचकीत, आणि डोळ्यांच्या जागी दोन काळे खळगे.

त्यानंतर काही वर्षांनी वडील गेले. त्यांचा एकट्याचा म्हणावा असा फोटो तेवढाच. स्टुडिओतल्या कारागिराने आपल्या परीने संगणकावर खटपट केली, खळग्यांतून डोळे काढून दिले. तसबीर घरी आणली, आईने ती पदराने पुसली, बराच वेळ पाहिली, आणि एवढेच म्हणाली, ‘‘हे डोळे काय ह्यांचे नव्हेत.’’

तेव्हापासून मला हा नाद लागला. मी काही व्यवसायाने फोटोग्राफर नव्हे. मराठी शिकवतो. पण गेली पंधरा-वीस वर्षे गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांत सुटीच्या दिवशी विद्यार्थ्यांना घेऊन हिंडतो आणि माणसांचे फोटो काढतो. त्यातून जे उमगले ते आज आपल्याला सांगायचे आहे. यंत्र कोणतेही असो, साधा मोबाइल असला तरी चालेल. उघड्यावर चेहरा चांगला का येत नाही, याचे कारण शंभरात नव्वद वेळा यंत्रात नसते. माणसाला आपण उभे कुठे केले, यात असते.

आता माझ्या वडिलांच्या फोटोत काय बिघडले ते पाहू या. मुंबई आणि आपला कोकण हा मुलूख विषुववृत्ताच्या उत्तरेस साधारण सोळा ते वीस अंशांच्या आत आहे. त्यामुळे मे महिन्यात सूर्य भर दुपारी जवळजवळ बरोबर डोक्यावर येतो. मुंबईत मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीला असा एकेक दिवस येतो, की उभ्या काठीची सावली तिच्या पायातच नाहीशी होते. शिक्षकमंडळी हा प्रयोग मुलांकडून करवून घेतात, त्यांना ठाऊक असेल. मुंबईत ही वेळ घड्याळात साडेबाराच्या जरा पुढेच पडते. अशा उन्हात कपाळाची कड डोळ्यांवर छप्परासारखी येते, नाकाची सावली ओठावर पडते, आणि माणूस दमलेला, रागावलेला, नाही तर आजारी दिसतो. सूर्य आकाशात फक्त अर्धा अंश जागा व्यापतो. उजेड देणारी वस्तू डोळ्याला जितकी लहान दिसते, तितकी तिने पाडलेली सावली रेखीव आणि कठोर असते. दिवा तोच, पण त्याला कंदिलाची दुधी काच चढवली की सावल्या कशा मऊ होतात, ते दिवाळीत आपण पाहतोच.

मग उन्हावर असा कंदील चढवायचा कसा? अहो, तो आपल्या घराला चढवलेलाच आहे. त्याचे नाव पडवी.

खेड्यातली पडवी किंवा ओसरी, शाळेचा व्हरांडा आणि मुंबईच्या चाळीची गॅलरी या उजेडाच्या दृष्टीने सख्ख्या बहिणी आहेत. वर छप्पर, मागे भिंत, आणि समोर उघडे आभाळ. छपराने डोक्यावरचे ऊन अडते आणि उजेड समोरून येतो. तो सूर्याच्या एका टिकलीतून न येता सगळ्या आभाळातून, समोरच्या अंगणातून, समोरच्या चाळीच्या उजळ भिंतीवरून येतो. एवढा मोठा दिवा कुठल्या स्टुडिओवाल्याने विकत घ्यावा? माणसाला सावलीत घ्या, पण सावलीच्या काठाशी घ्या. उन्हाची रेघ जिथे संपते तिथून एक-दोन पावले आत, आणि तोंड बाहेर उजेडाकडे. अगदी रेघेवर उभे केले तर नाकावर ऊन येते. फार आत नेले तर चेहरा विझून जातो.

हे नुसते ऐकून पटणार नाही. उद्या शाळेच्या व्हरांड्यात एका मुलाला भिंतीपाशी उभे करा आणि त्याला एकेक पाऊल पुढे यायला सांगा. बाकीच्या मुलांनी फक्त त्याच्या डोळ्यांकडे पाहायचे. एका पावलावर डोळ्यांत चमक येईल. बुबुळात व्हरांड्याबाहेरच्या आभाळाचे इवलेसे चौकोनी प्रतिबिंब दिसू लागेल. तीच जागा. फोटोतला चेहरा जिवंत वाटतो तो पुष्कळसा या चांदणीमुळे. ती नसेल तर हसरा चेहराही मातीचा वाटतो. एकटे असाल तर आपलीच मूठ डोळ्यांपुढे धरून जागच्या जागी गोल फिरा. बोटांच्या पेरांवर सावल्या कुठे कडक पडतात, कुठे मऊ होतात, ते लगेच कळते. मी दादरच्या फुलबाजारात अशी मूठ धरून फिरत असतो. हार ओवणाऱ्या बायका एकमेकींना कोपराने ढोसतात. ढोसू द्या.

दिशेचेही थोडे भान ठेवावे. हिवाळ्यात, डिसेंबरात म्हणा, मुंबईत भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. क्षितिजापासून साधारण सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस अंश, म्हणजे निम्म्या उंचीवरच. त्या दिवसांत उत्तरेकडे तोंड असलेल्या ओसरीत सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकसारखा शांत उजेड राहतो. जुने चित्रकार खोलीची खिडकी उत्तरेकडे मागत असत ते यासाठीच.

पण सावलीसुद्धा भेसळीची असते, बरं का! झाडाखाली गारवा असतो म्हणून आपण माणसाला वडाखाली नेतो आणि त्याच्या तोंडावर उन्हाचे कवडसे पडतात. हे कवडसे गोल का असतात, याचा कधी विचार केला आहे? पानांतल्या फटी तर वेड्यावाकड्या. तो प्रत्येक गोल म्हणजे त्या फटीतून खाली पडलेले सूर्याचे चित्र असते. ग्रहणाच्या वेळी पाहा, कवडशांच्याही कोरी झालेल्या दिसतील. विज्ञान म्हणून हे फार सुंदर. पण गालावर पांढरे रुपये चिकटवल्यासारखा फोटो कुणाला हवा असतो? झाडाची सावली दाट असेल तरच घ्यावी. तिथेही हिरवळीचा हिरवा रंग हनुवटीवर चढतो, हे ध्यानात असू द्या. पावसाळ्यात मुंबईभर निळ्या प्लास्टिकच्या ताडपत्र्या लागतात. त्यांच्याखाली एकदा मी एका भाजीवाल्या मावशींचा फोटो काढला. मावशी निळ्या आल्या, त्यांची मेथी निळी आली, आणि फोटो पाहून त्या म्हणाल्या, ‘‘मास्तर, मला काय कृष्ण केलंत?’’

ढगाळ दिवस फोटोला चांगला, असे सरसकट सांगतात. ते अर्धेच खरे आहे. ढग उन्हाला दुधी काच लावतात, हे कबूल. पण तो उजेड वरूनच येतो, म्हणून डोळ्यांखाली पुसट सावली राहतेच. अशा दिवशीही माणसाला वळचणीखाली घ्या, म्हणजे वरचा उजेड कापला जाईल आणि समोरचा उरेल. नाही तर खालून थोडा उजेड परत द्या.

हा उजेड परत देण्याचा प्रकार आपल्याकडे फार जुना आहे, आणि त्याची हकीकत दादरचीच आहे. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हे बोलपट नसलेले चित्र काढले ते दादरला, आज ज्या रस्त्याला त्यांचे नाव आहे त्या रस्त्यावर. ३ मे १९१३ रोजी ते गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात लोकांना दाखवले गेले. तेव्हा चित्रण करायचे म्हणजे सूर्याच्याच भरवशावर. सरस्वतीबाई फाळके घरच्या चादरी घेऊन तासन् तास उन्हात उभ्या राहत आणि त्या पांढऱ्या कापडावरून नटांच्या तोंडावर उजेड टाकीत, असे सांगतात. शिवाय त्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांच्याकडे, आणि फिल्म धुण्यातही त्यांचा हात. पडद्यावर जे चेहरे उजळले त्यांच्या मागे या बाईंचे भरून आलेले हात होते, हे आपण फारसे लक्षात ठेवत नाही.

तोच उपाय आपण करावा. धुतलेले धोतर, चादर, मुलांच्या हस्तकलेचा पांढरा कार्डशीट, काहीही चालते. उजेड एका बाजूने येत असेल तर अंधाऱ्या गालाच्या बाजूला हे कापड कुणाला तरी धरायला सांगा. माणूस बसलेला असेल तर त्याच्या मांडीवरच पसरा. मात्र चित्रात दिसणार नाही इतपत राखून, होईल तितके जवळ धरा. चार हातांवरून धरले तर त्याचा काही उपयोग होत नाही, कारण उजेड अंतराबरोबर झपाट्याने ओसरतो. स्टीलचे ताट धरू नये. त्याची तिरीप डोळ्यांत जाते आणि पुन्हा डोळे मिटतातच.

समजा, पडवी नाही, झाड नाही, उघडे रान आहे. शेतावर असे होतेच. तेव्हा मला मिळालेले ते वेदवाक्य सरळ उलटे करा. ऊन तुमच्या पाठीशी नको, ज्याचा फोटो काढायचा त्याच्या पाठीशी असू द्या. सकाळी आठ-साडेआठपर्यंत किंवा संध्याकाळी चार-साडेचारनंतर ऊन तिरपे झाले की हे छान साधते. केसांना, पागोट्याला, पदराला उजेडाची कड येते, चेहरा मऊ सावलीत राहतो, आणि माणसाला डोळे बारीक करावे लागत नाहीत. पण इथे एक अडचण आहे. मागे उजेड आणि पुढे सावली असली की फोटोत चेहरा काळा येतो. असे का होते? यंत्राला माणूस कळत नाही, उजेडाची सरासरी कळते. समोरचे सगळे दृश्य मिळून मध्यम करड्या रंगाचे असेल, असे ते धरून चालते. मागचे आभाळ फार उजळ दिसले की ते सगळेच चित्र मंद करते, आणि त्यात आपला माणूस बुडतो. आताचे मोबाइल चेहरा ओळखून पुष्कळदा आपले आपण सावरून घेतात, पण त्यांच्यावर विसंबू नये. पडद्यावर दिसणाऱ्या चेहऱ्यावर बोट टेकवावे. बऱ्याच मोबाइलांत शेजारी सूर्याचे लहान चिन्ह उमटते. ते बोटाने वर सरकवले की चेहरा उजळतो. मागचे आभाळ पांढरे पडले तर पडू द्या. आपण आभाळाचा फोटो काढायला निघालो नव्हतो.

चुन्याने रंगवलेल्या पांढऱ्या भिंतीपुढेही हीच गफलत होते. भिंत पांढरी म्हणून यंत्र उजेड कमी करते आणि सावळा माणूस आणखी काळवंडतो. मग घरचे म्हणतात, ‘काळाच आहे तो, फोटो काय करील!’ नाही हो, फोटोच करतो. चेहऱ्यावर बोट टेकवा आणि पाहा. याच्या उलट, मोबाइलमध्ये चेहरा गोरा आणि गुळगुळीत करणारी एक सोय असते. ती मी तर पहिल्यांदा बंद करतो. सावळा रंग उजेडात नीट आला तर त्यात जी खोली असते, ती पुसून तिथे पिठाचा थर द्यायचा, हे मला पटत नाही. सुरकुत्यांचेही तेच. आजीच्या सुरकुत्या काढून टाकल्यावर उरते ती आजी कुणाची?

दादरच्या चौपाटीवर संध्याकाळी गंमत पाहायला मिळते. मावळता सूर्य फोटोत यावा म्हणून माणसे समुद्राकडे पाठ करून उभी राहतात. घरी जाऊन पाहतात तर सूर्य सुरेख आणि माणसांच्या जागी कोळशाच्या बाहुल्या! मी मुलांना सांगतो, घाई करू नका, सूर्य बुडू द्या. तो बुडाल्यावर गर्दी पांगू लागते, आणि नेमका तेव्हाच चेहऱ्यांचा उजेड सुरू होतो. पश्चिमेचे सगळे आभाळ एक मोठी दुधी काच होते. आता तुम्ही समुद्राकडे पाठ करा आणि तुमच्या माणसाला समुद्राकडे पाहू द्या. दहा-पंधरा मिनिटे हा उजेड टिकतो. त्यात कपाळावर चमक नाही, डोळ्यांखाली काळे नाही. गावी तळ्याचा बांध किंवा मोकळे शेत असेल तर तिथेही हेच होते. समुद्रच पाहिजे असे नाही.

आता अंतराविषयी. नवशिका एक तर फार लांब उभा राहतो, म्हणजे माणूस डोक्यापासून चपलेपर्यंत येतो आणि चेहरा तांदळाएवढा दिसतो. नाही तर मोबाइल तोंडाशी नेतो आणि नाक फुगते. याचे गणित सोपे आहे. नाकाचे टोक आणि कान यांत साधारण १२ सेंटिमीटरचे अंतर धरा. मोबाइल नाकापासून ३० सेंटिमीटरवर असेल तर कान ४२ सेंटिमीटरवर पडले. म्हणजे कानाच्या मानाने नाक ४० टक्क्यांनी मोठे दिसणार. तोच मोबाइल दोन मीटरवर नेला तर हा फरक सहा टक्क्यांवर येतो आणि चेहरा आपल्या ओळखीचा होतो. म्हणून चार-पाच पावले मागे व्हा आणि पडद्यावर दुप्पट मोठे करून घ्या, किंवा नंतर कडेचा भाग कापून टाका. आणि मोबाइल त्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा. पोराचा फोटो काढायचा तर जमिनीवर बसा. उभ्याने काढलेल्या फोटोत मुलांची डोकी मोठी आणि पाय काडीसारखे येतात. शाळेच्या भिंतीवर असे फोटो मी किती तरी पाहिले आहेत.

उंचीवरून आठवले. होमाई व्यारावाला यांचे नाव आपण ऐकले असेल. हिंदुस्थानातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. जन्म नवसारीचा, १९१३ सालचा. शिक्षण मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. १९३०नंतरच्या त्या वर्षांत त्यांनी आपल्या बरोबरच्या विद्यार्थिनींची उघड्यावर चित्रे काढली. सुरुवातीला त्यांचे फोटो छापून आले ते त्यांचे पती माणेकशा यांच्या नावाने. पुढे १९४२मध्ये त्या दिल्लीला गेल्या आणि देशाच्या इतिहासातले मोठमोठे प्रसंग त्यांनी टिपले. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. पण मला त्यांची ती मुंबईतली, मैत्रिणींची चित्रेच अधिक आवडतात. त्या रोलिफ्लेक्स कॅमेरा वापरीत. तो पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून वरच्या काचेत पाहायचे. अशा कॅमेऱ्याने एक गोष्ट आपोआप साधते. समोरच्या माणसाला आपल्यावर कुणी नेम धरला आहे असे वाटत नाही. मोबाइल आपण तोंडापुढे ढालीसारखा धरतो आणि समोरचा माणूस ताठ होतो. म्हणून चौकट एकदा ठरली की मोबाइल हनुवटीच्या खाली, छातीशी आणावा, त्या माणसाच्या डोळ्यांत डोळे घालून बोलत राहावे आणि बोलता बोलता कळ दाबावी.

बोलावे काय? ‘हसा’ म्हणू नये. हसा म्हटले की माणूस दात दाखवतो, डोळे तसेच राहतात. त्याच्या कामाविषयी विचारावे. लालबागला चिवडा गल्लीत एक आजोबा आमच्या मुलांसमोर खांबासारखे उभे होते. एका मुलीने विचारले, ‘‘आजोबा, पोहे तळताना तेल तापलं हे कसं ओळखता?’’ झाले! हात हलू लागले, भुवया वर गेल्या, आणि आजोबा फोटोत आले. हात मोकळे ठेवायला माणसाला संकोच वाटतो, तेव्हा त्याच्या हातात त्याचीच वस्तू द्यावी. सुपली, विळा, चष्मा, वहाणेचा जोड, काहीही. डोळे सारखे मिटत असतील तर आधी मिटून घ्यायला सांगावे आणि ‘तीन’ म्हटल्यावर उघडायला सांगावे. चष्म्यावर आभाळ चमकत असेल तर मान किंचित खाली झुकवावी. फोटो एक काढून थांबू नये, दहा काढावेत. आता रोळाचा खर्च नाही.

मागे काय आहे ते एकदा नजर फिरवून पाहावे. वायरी, खांब, वाळत घातलेले कपडे. पुष्कळदा तुम्ही स्वतः एक पाऊल डावी-उजवीकडे झालात तरी खांब डोक्यावरून हटतो. माणसाला भिंतीला चिकटवू नये, चार-पाच हात पुढे घ्यावे.

परक्या माणसाचा फोटो विचारल्याशिवाय घेऊ नये. गुढीपाडव्याला गिरगावच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून आलेल्या मुलींच्या तोंडासमोर पाच-पन्नास कॅमेरे एकदम येतात, तेव्हा मला संकोच वाटतो. विचारले तर दहांतले आठ जण हो म्हणतात. दोन नाही म्हणतात, त्यांना नमस्कार करून पुढे जावे. फोटो काढला की आयुष्य कमी होते असे मानणारी म्हातारी माणसे पूर्वी गावोगाव असत. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा शेजारच्या घरातला एखादा चांगला छापलेला फोटो नेऊन दाखवावा. छापलेला म्हणतो, कारण मोबाइल बिघडतो, हरवतो, आणि त्यातले सगळे त्याच्याबरोबर जाते. तालुक्याच्या गावी थोड्या पैशांत कागदावर प्रत काढून मिळते. ज्याचा फोटो काढला त्याला ती एक नेऊन द्यावी. पुढच्या वेळी तो तुम्हाला स्वतःच हाक मारील.

आणि सुरुवात घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसापासून करावी. मी जरा उशिराच केली. आई तेव्हा सत्तरी ओलांडून गेली होती. डिसेंबरातली सकाळ, साडेआठचा सुमार. आमच्या चाळीची गॅलरी उत्तरेला आहे. आई कठड्याजवळ पाटावर बसून सुपात तांदूळ निवडत होती. समोरच्या चाळीच्या पिवळ्या भिंतीवर ऊन आले होते आणि ते तिथून परतून तिच्या तोंडावर पडत होते. मांडीवरचे पांढरे तांदूळ सरस्वतीबाईंच्या चादरीचे काम करीत होते. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि गावच्या घराच्या कौलांचे काय करायचे ते विचारले. ती मान वर करून सांगू लागली, आणि मी फोटो काढत गेलो. चौदा काढले. त्यातला अकरावा छापून आणला.

तिने तो हातात घेतला, चष्मा वर केला, जवळ नेला, लांब धरला. मी गप्प उभा होतो. डोळे तिचेच होते, त्यात गॅलरीचे आभाळ होते. शेवटी म्हणाली, ‘‘बरा आलाय. पण मागं ती बालदी कशाला घेतलीस रे?’’